केसराक्काची भिंत

लगनाची पत्रिका कुणी दारात आणून दिली की मी ती हातात घेते, उलटी करते, सुलटी करते. मला वाचता येत न्हाई. शाळंच्या पायरीला आमी पाय लावला न्हाई. पर पत्रिका हातात आली की केसराक्का आठवती, आन मान आपोआप खाली जाती. ती असती तर मनली असती, "कौसे, पत्रिका उजेडात धर. अंधारात काय वास घेती?"

केसराक्का आमच्या वस्तीवरची. शिरूर कासारकडं जायच्या रस्त्याला आमची थोडी घरं हायत. माझ्या दारासमोर तिचं दार, मधी एक हापसा आन एक बाभळ. नात्याची न्हाई, भावकीची न्हाई. आदी आमी एका टोळीत ऊस तोडायला जायचो. एका साली भरलेली गाडी बांधावरून कलंडली आन तिचा डावा पाय चाकाखाली आला. पाय वाचला पर वाकडा झाला. त्यानंतर दोन वर्सांनी नवरा गेला. कोयता सुटला. टोळी कारखान्याला गेली की वस्तीवर ऱ्हायची मातारी माणसं, ल्हान लेकरं, शेरडं आन केसराक्का.

मंग तिच्या हातात रंग आला. चौथी शिकलेली व्हती ती, आमच्या वयाच्या बायांत तेवढी एकच. अक्षर कसं, तर थापलेल्या भाकरीवानी, मोठं आन गोल. आमच्याकडं लगीन ठरलं की घराच्या भिंतीला चुना देत्यात आन वर नवरा नवरीचं नाव लिवत्यात. बाजूला मोर, कळस, आंब्याचं तोरण. ते केसराक्का करायची. शिंदीची काडी दगडानं चेचायची, तिचा झाला ब्रश. आंतरपाटावर स्वस्तिक आन दोघांची नावं तीच काढायची. रुखवत तीच मांडायची. नारळाला डोळे लावायची, सुपाला आरसे लावायची, सुपारीचा नवरा आन सुपारीची नवरी करायची, त्याला फेटा, तिला शालू.

एकदा सुपारीचा नवरा नवरीपेक्षा बारका झाला. पोराकडची एक बाई रुखवतापुढं उभी ऱ्हाऊन मनली, "नवरा बारका कावून केला ओ?"

"वाढंल की," केसराक्का मनली. "अजून घरच्याच भाकरी खातोय. बायकूच्या हातची खाल्ली की वाढंल."

हसून हसून बायांचे पदर तोंडात गेले. ती हसायची न्हाई. तोंड वाळल्या शेंगंवानी, उंच, हाडकुळी, नखात कायम निळा रंग. भाकरी मोडताना बी नखात रंग दिसायचा. कुणी मनलं, आक्का हात धू, तर मनायची, "धुतलेत. ह्यो लगनाचा रंग हाय, आठ दिस निघत न्हाई. नवरीचा निघतो तवाच माझा निघतो."

आता शरमंची गोष्ट सांगते. नवरा गेलेली रांड बाई मनून तिला हळदीला कुणी बोलवायचं न्हाई. भिंत तिनं रंगवायची, आंतरपाट तिनं काढायचा, रुखवत तिनं लावायचं, आन पाव्हणे यायच्या आदी डब्या पिशवीत घालून तिनं घरी जायचं. काम करायला तिचा हात चालायचा, हळद लावायला चालायचा न्हाई. ती कधी बोलली न्हाई. मी एकदा इच्यारलं तर मनली, "मला हळद कशाला? हळदीनं माझे बाकीचे रंग पिवळे पडत्यात." तिच्याच रंगवलेल्या भिंतीखाली आमी हळदी खेळायचो, आन ती समोर तिच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायची. सगळ्यांला दिसायचं. कुणाला काय वाटायचं न्हाई.

पत्रिका काढायची असली की मातर लोक तिला संगं घिऊन जायचे. शिरूरला एक छापखाना हाय, तिथं. आमी ऊसतोडीचे लोक, दुकानात शिरलो की पाय कुटं ठिवावा कळत न्हाई. खाली गुळगुळीत फरशी, समोर काच. आमच्या टाचंला भेगा, भेगंत काळी माती. दगडूच्या पोरीची पत्रिका काढायला आमी चौघं गेलतो. दगडू, त्याची बायकू सुंद्रा, केसराक्का आन मी. मी आन सुंद्रा पाय आत वढून, लुगड्यात झाकून बाकड्यावर बसलो. केसराक्का वाकडा पाय पुढं लांब करून बसली. "पाय हायत ते," मनली. "चोरून आणलेत व्हय?"

छापखान्यावाल्यानं पत्रिकंचे नमुने काढले. मखमलीची, झालरीची, गुंडाळी करून दोऱ्यानं बांधलेली, पालखीवानी उघडणारी. एक अशी व्हती की उघडली की तिच्यातून सनई वाजायची. दगडू दचकला आन पत्रिका हातातून पडली. तरी त्याला तीच पायजे व्हती.

"आक्का, हीच घिऊ. लोकं मनतील, दगड्यानं काय पत्रिका काढली."

"आन दारोदार वाटत जाशील तवा शेरडं बुजतील त्याचं काय?" केसराक्का मनली. "सनई बंद कशी करत्यात ते इच्यार आदी."

छापखान्यावाला मनला, बंद व्हत न्हाई, आतला शेल संपला की व्हती. मंग दगडूनं ती पत्रिका परत ठिवली. केसराक्कानं एक साधी, जाड, शेंदरी पत्रिका निवडली. बोटाला थुका लावून सोनेरी अक्षरावर घासलं. रंग निघाला न्हाई तवा मनली, "ही टिकंल."

मंग नावं सांगायची येळ आली. दगडूला वर पुढाऱ्याचं नाव टाकायचं व्हतं, फोटोसकट.

"त्यो तुझ्या पोरीला वळखतो का?" केसराक्कानं इच्यारलं.

"न्हाई. पर मान असतो आक्का."

"हिच्या आईला वळखतो का?"

"तिला कावून वळखंल?"

"मंग जी वळखती तिचं नाव आदी टाक. सुंद्राचं नाव कुटं हाय?"

छापखान्यावाला मनला, सौ. व श्री. असं असतंय की आजी, त्यात आल्या त्या.

"त्यात बाई आली. सुंद्रा कुटं आली?" केसराक्का मनली. "सुंद्राबाई लिवा. पुरं लिवा."

पत्रिका छापून आल्या तवा केसराक्कानं सुंद्राचं बोट धरून तिच्या नावावर ठिवलं. हे तुझं. आमच्या वस्तीत पत्रिकंवर बाईचं नाव ते पयलं. सुंद्रानं बोट चटका बसल्यावानी मागं घेतलं आन तोंडावर पदर वढला. दिवसभर पत्रिकंकडं बगितलं न्हाई तिनं. पोरगी मनली, आई लाजली. मला मालूम हाय, ती लाजली नव्हती. आमाला आमच्या नावाची शरमच वाटायची. नाव घिऊन कुणी हाक मारली की वाटायचं, काय चुकलं आपलं.

भांड्यावर नाव टाकायला मशीनवाला यायचा तवा बी असंच. मामानं हंडा दिला तर मामाचं नाव, चुलत्यानं कळशी दिली तर चुलत्याचं. केसराक्का मशीनवाल्याच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायची. "पाणी कोण भरणार? पोरगी. मंग नाव मामाचं कावून?" लोक चिडायचे. पर तिच्याबिगर भिंत व्हत नव्हती, मनून ऐकून घ्यायचे.

तिचं एक बोलणं व्हतं. घाईच्या लगनाला पत्रिका नसती. कुणाचं लगीन झालं आन पत्रिका आली न्हाई की ती एवढंच मनायची आन उठून आत जायची.

माझ्या लगनाला पत्रिका नव्हती. मला न्हाण बी आलं नव्हतं तवा. आंतरपाट मनून चुलतीचं लुगडं धरलं व्हतं. समोर कोण उभं हाय ते लुगडं खाली गेल्यावर बगितलं. दुसऱ्या साली कारखान्याला गेले, तिसऱ्या साली उसाच्या पाचटात बबन झाला. नाळ कोयत्यानं तोडली. पाचव्या दिशी मोळी उचलली. सांगायचं कारण, त्यात काय इपरीत हाय असं तवा कुणालाच वाटलं न्हाई. मला बी न्हाई.

तर त्याच बबनची पोरगी निकिता. माझी नात.

आमच्याकडं एक कोयता मनजी दोन माणसं, नवरा बायकू. एकट्या पोराचा अर्धा कोयता, त्याला मुकादम नीट घेत न्हाई. मनून पोरगं हाताशी आलं की दसऱ्याच्या आत त्याला जोडी करत्यात. आन पोरीचा बाप मनतो, आमी सहा महिने कारखान्याला, पोरगी वस्तीवर कुणाच्या जिम्म्यावर ठिवायची, दिवस वाईट हायत. दोघांची गरज जुळती आन लगीन व्हतं. निकीचं असंच जुळलं. दसऱ्याला थोडे दिस ऱ्हायलेते. माझ्या सुनंनं, लतानं, एक दिस जेवण केलं न्हाई, दुसऱ्या दिशी उठून तांदूळ पाखडायला बसली. मी बी तिच्याजवळ सूप घिऊन बसले.

पत्रिका काढायला बबन, लता, केसराक्का आन मी शिरूरला गेलो. लतानं मोराची पत्रिका निवडली. छापखान्यावाला मनला, "नवरीचा जन्माचा दाखला लागतो. वरून तसं सांगितलंय, त्याच्याबिगर छापता येत न्हाई."

बबन मनला, "घरी हाय. उद्या आणतो."

जीपमधी बसल्यावर मनला, "पत्रिकंचं नाटकच नगं. फोनवर सांगू सगळ्यांला."

केसराक्का खिडकीकडं तोंड करून बसली व्हती. मनली, "लता, निकी कितवीला हाय ग?"

"आठवीला," लता मनली.

"हुशार हाय मनत्यात."

"आक्का," बबन मनला, "तुझं काम रंगाचं हाय. तू रंगाचं बोल."

"बरं," ती मनली.

पत्रिका न्हाई मनून लता हिरमुसली. तिची बी पयलीच पोरगी. सांजच्याला मला घिऊन केसराक्काकडं गेली. मनली, "आक्का, पत्रिका तर ऱ्हायली. भिंतीवर तरी नाव असू द्या. वस्तीच्या बाहेरचं कोण बगतंय? पोरीची तेवढी हौस."

केसराक्का चुलीपुढं बसली व्हती. लई येळ फुंकत ऱ्हायली. मंग मनली, "कोणच्या भिंतीवर?"

"रस्त्याच्या."

"बरं. लिवते."

दुसऱ्या दिशी बबन पाव्हण्यांच्या गावाला गेला, मुक्कामाला. लता निकीला घिऊन बांगड्या भरायला शिरूरला. घरी मी एकटी. केसराक्का सकाळीच आली. मी गेरू कालवून दिला, नीळ कालवून दिली, बाज उभी करून तिला धरायला दिली. तसा मोर तिनं कधी काढला न्हाई. पिसं बगून वाटायचं, आता भिंतीवरून उतरंल आन दाणे टिपंल. मंग अक्षरं लिवली. मी मनले, "लई लिवलंस ग. काय काय लिवलं?"

"नवरीचं नाव. नवऱ्याचं नाव. आन नवरीचं शिक्षण."

"शिक्षण बी लिवत्यात व्हय?"

"पत्रिकंवर लिवत्यात की. डॉक्टर, इंजिनेर, बीए. नावाच्या म्होरं कंसात. हिचं जेवढं हाय तेवढं मी लिवलं."

मला खुशी झाली. आमच्या घरात कुणाचं शिक्षण कुटं लिवलं नव्हतं. तिला गुळाचा च्या करून दिला, चार घरी सांगून आले, आमच्या निकीचं शिक्षण भिंतीवर आलं, डॉक्टरच्या पोरीवानी. बाया यून बगून गेल्या. त्या बी माझ्यावानीच, मोर बगून छान मनल्या. आज बी ते आठवलं की कान गरम व्हत्यात. त्या अक्षरापुढं मी पदर खोचून मिरवत उभी व्हते.

लता आन निकी आल्या तवा अंधार पडलाता.

सकाळी शाळंची पोरं रस्त्यानं निघाली. भिंतीपुढं थांबली. एकजण वाचायला लागलं, मंग सगळे संगं वाचायला लागले, वर्गात वाचत्यात तसं सुरात. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी निकिता, इयत्ता आठवी." आन हसायचे. परत पयल्यापासून. निकी हापशावर कळशी भरीत व्हती. तिनं वळून बगितलं. तिला वाचता येतं. आमच्या घरातल्या बायांत तिलाच तेवढं येतं. कळशी भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी. मंग कळशी तिथंच सोडून आत गेली आन कणगीच्या मागं जाऊन बसली.

मी बाहेर आले. पोरांला मनले, काय रं, काय लिवलंय? एका पोरीनं मला सांगितलं. तवा मला कळलं की मी कशाला गेरू कालवला.

मोटारसायकलवरून मास्तर आले, थांबले, वाचलं, फोननं फोटो काढला आन गेले. दुपारी बबन आला. संगं पोराचा बाप, देणंघेणं बोलायला. पाव्हण्यानं चप्पल काढता काढता भिंतीकडं बगितलं. एक चप्पल पायात, एक हातात.

"ही काय चेष्टा हाय बबनराव?"

बबननं वाचलं. त्याच्या तोंडावरचा रंगच गेला.

"आमाला पोरगी पायजे व्हती, तुरुंग न्हाई," पाव्हणा मनला. "भिंतीवर लिवून ठिवता व्हय? सगळ्या जगाला दाखवायला?" लता च्याचे कप घिऊन आली तवा त्यो रस्त्याला लागलाता.

बबन केसराक्काच्या दारात गेला. सगळी वस्ती गोळा झाली. काय बोलला ते मी सांगणार न्हाई, माझ्याच पोटचं हाय. ती ओट्यावर उभी व्हती, वाकड्या पायावर.

"मी खोटं काय लिवलं तेवढं सांग," ती मनली. "खोटं असंल तर जिभंनं चाटून पुसते."

बबन वळला, घरी आला. त्यानं भिंतीला चुना लावला. मोराची मान लई दिस चुन्याखालून दिसायची.

लगीन मोडलं. दुसरं कुणी इच्यारायला आलं न्हाई. कारण फोटो. मास्तरानं कुणाला पाठवला, त्यानं कुणाला पाठवला, मला फोनचं कळत न्हाई. घाटनांदूरला लताचं माहेर, तिथून भावाचा फोन आला की तुमची भिंत आमच्याकडं आली. कुणी साहेब लोक मनले, शाब्बास. कुणी हसले. आन निकीला शाळंत नावच पडलं, इयत्ता आठवी. नववीत गेली तरी इयत्ता आठवी.

नववीत तरी कुटं नीट गेली. लगीन मोडलं त्याच साली, आठवी अर्धी असताना, बबननं रागानं तिला शाळंतून काढून कारखान्याला नेली. लगीन झालं न्हाई, पर ऊस तिच्या वाट्याचा आलाच. मोळ्या बांधल्या तिनं, सहा महिने. परत आली तवा हात माझ्या हातावानी झालते.

त्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या बाया जीप घिऊन वस्तीवर आल्या. केसराक्काचा सत्कार करायचा मनल्या, शाल, नारळ, फोटो. केसराक्का आत कणगीशेजारी बसली व्हती, मला मनली, सांग न्हाई मनून घरी. मी सांगितलं. जीप गेली.

"कावून न्हाई घेतलं?" मी मनले. "चांगलंच केलंस की तू. लगीन मोडलं."

"मला शरम वाटती कौसे."

"कशाची?"

"लगीन मोडायचं व्हतं. पर पोरीचं नाव कावून टाकलं मी रस्त्यावर? लगीन काय तिनं ठरवलंतं?" ती भुईकडं बगत व्हती. "बबनचं टाकायचं व्हतं. बबनचं, पाव्हण्याचं, मुकादमाचं. तुझं, माझं. मोठ्यांची नावं टाकायची व्हती. मी आपलं सवयीनं नवरीचं टाकलं."

हापशावर कुणाची तरी कळशी वाजत व्हती.

त्यानंतर केसराक्कानं भिंत रंगवली न्हाई. कुणी बोलावलं बी न्हाई लई दिस. मंग हळूहळू लोक सुपारी, नारळ घिऊन यायला लागले, कारण दुसरं कोण करणार. आंतरपाट काढायची, पर भिंत मनली की हात वर करायची.

पुढच्या साली दिवाळीच्या आदी ती बबनकडं आली. दारात उभी ऱ्हाऊन मनली, "पोरगी नेऊ नगं. कौसाचे गुडघे गेलेत, ती ऱ्हाणारच हाय. पोरीला तिच्याजवळ ठिव, शाळंत बसव. माझा राग माझ्यावर काढ." बबन कोयत्याला धार लावत ऱ्हायला. पर जाताना निकीला ठिवून गेला. भाकरीचं पीठ, सरपण, समदं केसराक्का बगायची. कालवण करायची आन माझ्या हातात द्यायची, ती सवता आत यायची न्हाई. निकी खायाची. कुणी केलं ते इच्यारायची न्हाई, मी सांगायची न्हाई. शाळंला जाताना निकी आमच्या भिंतीम्होरून जायची न्हाई, मागच्या बांधावरून जायची, पावसाळ्यात चिखलातून बी. केसराक्का ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडं बगायची. दोन माणसं समोरासमोर, मधी हापसा, आन चार वर्सं एकमेकींशी बोलली न्हाईत.

निकी बारावी झाली. बीडला नर्सिंग केलं. आता दवाखान्यात हाय. गेल्या साली तिनं तिच्या मनानं लगीन ठरवलं, संगं काम करणाऱ्या पोरासंगं. पत्रिका तिनंच फोनवर बगून निवडली. साधी पांढरी, कडंला निळी रेघ. आईचं नाव, सासूचं नाव, आन खाली माझं बी नाव टाकलं. माझं बोट धरून दावलं तिनं. शिक्षण कुणाचंच टाकलं न्हाई, ना तिचं ना नवऱ्याचं. बबननं इच्यारलं, नर्सिंग झालंय, टाक की. मनली, नगं.

केसराक्का तवा लई थकलीती. त्याच महिन्यात ती गेली, लगनाच्या आदी. तिला पायावर चालताना मी शेवटची बगितली ते आमच्या भिंतीला चुना द्यायचं काम चाललं व्हतं त्या दिशी.

बबन शिडीवर व्हता. लता बादली धरून. निकी ओट्यावर चुन्याचे डाग खरवडीत व्हती. केसराक्का तिच्या दारातून निघाली, काठी टेकीत, खांद्याला ती डब्यांची पिशवी. हापशापाशी दम खाल्ला. मंग आमच्या ओट्याखाली यून उभी ऱ्हायली. निकीच्या म्होरं, इतक्या सालात पयल्यांदा.

निकीनं उठून पाणी आणून दिलं. ती पिली न्हाई, तांब्या हातात धरून ऱ्हायली.

"निके, तवा इच्यारायला पायजे व्हतं. इच्यारलं न्हाई."

निकीनं चुन्याचे हात ओढणीला पुसले.

"आता इच्यारते. भिंतीवर नाव लिवू का तुझं? तू सांगशील ते. तेवढंच."

बबन शिडीवरच थांबला. ब्रशातून चुना टिपकत व्हता. निकीनं भिंतीकडं बगितलं, मंग तिच्याकडं.

"नगं आक्का."

"अग," लता मनली, "मातारं माणूस एवढं चालून आलंय. मोर तरी काढू दे."

"मोर बी नगं. माझी भिंत पांढरी ऱ्हाऊ द्या."

केसराक्कानं मान हलवली. "बरं," मनली. मंग तांब्या तोंडाला लावला आन सगळं पाणी पिली. तांब्या निकीच्या हातात दिला.

मी तिला हापशापस्तोर सोडायला गेले. वाटलं रडती का काय. मनले, "वाईट वाटलं का ग?"

"वाटलं."

दोन पावलं गेली. थांबली. काठीवर दोन्ही हात ठिवले.

"बाप शिडीवर उभा, आई बादली धरून, तू, मी. सगळ्यांच्या म्होरं नगं मनली बग पोरगी. आवाज बी हालला न्हाई." मंग माझ्याकडं बगून मनली, "आपल्याला कुटं आलं ते कौसे, आंतरपाटाच्या मागं उभं असताना?"

ती वाकडा पाय वढीत तिच्या दाराकडं गेली. पिशवीतल्या डब्या तशाच, न उघडलेल्या, एकमेकीवर वाजत व्हत्या.